शाळा सुरू होण्याआधीचं लसीकरण: कार्ड कसं वाचायचं, राहिलेले डोस कसे भरून काढायचे

दप्तर, बूट, वह्या, गणवेश यातलं काहीही शाळेच्या आदल्या संध्याकाळी धावतपळत आणता येतं. लसीचं तसं नसतं. दोन डोसांमध्ये ठरलेलं अंतर ठेवावंच लागतं आणि ते कुणाच्या ओळखीने कमी होत नाही. चार आठवडे म्हणजे चार आठवडे.

माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी इथेच फसले. कार्डाच्या पानावर खालपर्यंत शिक्के दिसले, म्हणून सगळं झालंय असं धरून चालले. शाळेने कागद मागितले तेव्हा कळलं, की पाच वर्षांच्या बूस्टरची ओळ त्या पानाच्या मागे होती आणि ती कोरी होती. शाळा उघडायला नऊ दिवस उरले होते. एकच डोस राहिला होता म्हणून निभावलं. एकाच लसीचे दोन राहिले असते तर नऊ दिवसांत ते देणं कुठल्याच डॉक्टरला शक्य नव्हतं. धाकट्याच्या वेळी मी शहाणी झाले. तेव्हा जे जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात तीन महिने आधी

शाळेच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजा. बहुतेक लसींच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे लागतात. तीन डोस द्यायचे झाले तर नुसत्या अंतरातच आठ आठवडे जातात. तेरा वर्षांखालच्या मुलांना कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस साधारण तीन महिन्यांच्या अंतराने देतात. शिवाय जुने कागद शोधणं आहे, डॉक्टरांची वेळ मिळणं आहे, आणि नेमक्या त्या दिवशी मूल तापाने फणफणणं आहे. म्हणून बारा आठवडे. त्याहून कमी वेळ उरला असेल तर आजच सुरू करा. उशीर झालाच आहे म्हणून सोडून देण्यात काहीच शहाणपण नाही.

कागद गोळा करा

मूळ कार्ड सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर जिथे जन्म झाला ते रुग्णालय, पहिल्या दोन वर्षांत जिथे लसी टोचल्या तो दवाखाना किंवा आरोग्य केंद्र, आधीची बालवाडी किंवा पाळणाघर, आणि तुमच्या भागात सरकारी ऑनलाइन नोंदणी असेल तर ती, या सगळीकडे विचारा. फोनमधले जुने फोटोही चाळा. कार्डाचा फोटो कुणीतरी कधीतरी काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला असतो, हा माझा अनुभव आहे.

काहीच मिळालं नाही तर? "दिलेली असणार, मला आठवतंय" याला डॉक्टर नोंद मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. लेखी तारीख नसेल तर तो डोस दिलेला नाही असं धरून पुढे जायचं, हा सर्वसाधारण नियम. गोवर, रुबेला, कांजिण्या, कावीळ ब यांसाठी रक्तातली प्रतिपिंडं (त्या आजाराशी लढणारी प्रथिनं) तपासण्याचा मार्गही असतो, पण बऱ्याचदा तपासणीपेक्षा डोस देणंच सोपं पडतं. आधी प्रतिकारशक्ती असलेल्या मुलाला गोवराची लस पुन्हा मिळाली तर अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लसीबाबत मात्र थोडं सांभाळावं लागतं: ती गरजेपेक्षा जास्त वेळा टोचली गेली तर दंड चांगलाच सुजू शकतो. तेव्हा तिची नोंद शोधायला जरा जास्त खटपट करा.

कार्ड वाचणं

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. कार्डावर बरोबरच्या खुणा पाहू नका, तारखा पाहा. खूण म्हणजे कधी "दिला", कधी "द्यायचा आहे", कधी "पालकांना सांगितलं". तारीख म्हणजे दिला. काही कार्डांवर दोन तारखा असतात: एक ठरलेली, दुसरी प्रत्यक्ष दिल्याची. पेन्सिलने लिहिलेली बहुधा ठरलेली असते.

दुसरी गोष्ट, लसींची नावं. पेंटाव्हॅलंट लस एकाच सुईत पाच आजारांवर काम करते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या एका जिवाणूचा संसर्ग). हेक्साव्हॅलंटमध्ये यात पोलिओची भर पडते. त्यामुळे कार्डावर "कावीळ ब" समोरचे रकाने रिकामे दिसले तरी ते डोस पेंटाव्हॅलंटमधून झालेले असू शकतात. उलटही होतं. एमआर लस गोवर आणि रुबेलाची असते, एमएमआरमध्ये गालगुंडही असतो. एमआर मिळालेल्या मुलाला गालगुंडाचं संरक्षण मिळालेलं नसतं, आणि आई-बापाला वाटत असतं की दोन्ही एकच. कार्डावर लसीचं व्यापारी नाव लिहिलं असेल तर त्यात नेमकं काय होतं ते डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून शेजारी लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट वय. गोवराची साथ असेल तेव्हा किंवा प्रवासाआधी सहा महिन्यांच्या बाळालाही कधीकधी डोस देतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला शून्य डोस म्हणते आणि नियमित डोसांत मोजत नाही. कारण असं, की आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या वयात बाळाच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती लसीतल्या दुबळ्या विषाणूला काम करू देत नाहीत. मोहिमेत दारावर पाजलेले पोलिओचे थेंबही नियमित डोसाची जागा आपोआप घेत नाहीत. तारीख मात्र लिहून ठेवावी, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आणि एका देशातून दुसऱ्या देशात गेला असाल तर ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, याची खात्री करा. कुठे आधी दिवस लिहितात, कुठे आधी महिना. या एका घोळामुळे दोन डोसांतलं अंतर कागदावर कमी दिसू शकतं आणि चांगला झालेला डोस बाद ठरू शकतो.

शाळेच्या वयात काय काय झालेलं असायला हवं

प्रत्येक देशाचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि शाळाही त्याच वेळापत्रकाकडे बोट दाखवतात. तेव्हा तुमच्या आरोग्य खात्याचा चालू वर्षाचा तक्ता आणा. दोन वर्षांपूर्वीचा चालणार नाही, ही वेळापत्रकं बदलत असतात. पण सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला यांचे तीन डोस पहिल्या वर्षात, मग बूस्टर. जागतिक आरोग्य संघटना धनुर्वात आणि घटसर्पासाठी तीन बूस्टर सांगते: एक १२ ते २३ महिन्यांच्या दरम्यान, दुसरा ४ ते ७ वर्षांत, तिसरा ९ ते १५ वर्षांत. यातला मधला म्हणजेच शाळेच्या उंबरठ्यावरचा, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणाराही हाच. दीड वर्षानंतर दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात, कार्ड कपाटात जातं, आणि तीन-साडेतीन वर्षं कुणालाच त्याची आठवण होत नाही.

गोवराच्या लसीचे दोन डोस. याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, की दुसरा डोस म्हणजे बूस्टर, राहिला तरी चालतं. घटसर्पाच्या बूस्टरचं काम असतं ओसरत चाललेली प्रतिकारशक्ती पुन्हा वर आणणं. गोवराच्या दुसऱ्या डोसाचं काम वेगळं आहे. वर्षाच्या पुढे दिलेल्या पहिल्या डोसाने शंभरातल्या साधारण ९३ मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्या सातांच्या शरीराने पहिल्या वेळी दादच दिलेली नसते. ती मुलं कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच दुसरी संधी द्यायची. दोन डोसांनंतर हा आकडा ९७ च्या आसपास जातो.

वर्गाच्या दृष्टीने या चार मुलांच्या फरकाला मोठी किंमत आहे. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेली माणसं रोग्याच्या जवळ आली, तर दहांतल्या नऊ जणांना लागण होते. आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असतं, म्हणजे आईला साधी सर्दी वाटत असते तेव्हा. साथ थोपवायची तर शंभरातले ९५ जण सुरक्षित लागतात. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात दोन-तीन मुलांचे डोस राहिले, की हे गणित कोलमडतं.

याशिवाय पोलिओचे डोस पूर्ण झालेत का, कावीळ ब चे तीन डोस झालेत का हे पाहा. कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड, मेंदूज्वर यांतलं काय लागतं ते तुमच्या तक्त्यावर अवलंबून आहे. क्षयाची बीसीजी लस जिथे देतात तिथे ती जन्मानंतर लगेच दिलेली असते. दंडावर वण नाही म्हणून ती पुन्हा टोचायची गरज नसते.

राहिलेले डोस: पुन्हा पहिल्यापासून नाही

अंतर ठरल्यापेक्षा जास्त झालं म्हणून मालिका पुन्हा सुरू करावी लागत नाही. दुसरा डोस दोन वर्षांपूर्वी झाला असेल तर आज तिसरा. शरीराची स्मृती शाबूत असते. तोंडाने घ्यायच्या टायफॉइडच्या लसीसारखे अपवाद आहेत, पण बालपणीच्या नेहमीच्या लसींना हा नियम लागू पडतो. उलट अंतर ठरल्यापेक्षा कमी झालं तर डोस वाया जाऊ शकतो. म्हणजे उशीर चालतो, घाई चालत नाही.

दुसरा नियम जिवंत लसींचा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये पूर्ण चार आठवडे सोडावेत. आज एक आणि पुढच्या शनिवारी दुसरी, असं केलं तर दुसरी नीट लागू होईलच याचा भरवसा नाही. तोंडाने पाजायच्या पोलिओच्या थेंबांना हे बंधन नाही, आणि निष्क्रिय, म्हणजे जिवंत जंतू नसलेल्या लसी कधीही, कशाहीबरोबर देता येतात.

तिसरा नियम वयाचा. काही लसींची वेळ निघून जाते आणि मग त्यांच्या मागे लागायचं नसतं. रोटाव्हायरसची (बाळांच्या जुलाबांवरची) लस शाळेच्या वयात देत नाहीत. हिबची गरज निरोगी मुलाला पाच वर्षांनंतर सहसा उरत नाही. सात वर्षं पूर्ण झाली की लहान मुलांची ट्रिपल लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) न देता घटसर्पाचं प्रमाण कमी असलेली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) किंवा तिच्यात डांग्या खोकल्याची भर घातलेली लस देतात.

हे कागदावर कसं दिसतं ते पाहू. समजा मूल पाच वर्षांचं आहे आणि शाळा बारा आठवड्यांवर आली आहे. पेंटाव्हॅलंटचे दोन डोस झालेत, तिसरा नाही. एमएमआरचा एक झालाय. कांजिण्यांची लस तक्त्यात आहे, पण मुलाला एकदाही दिलेली नाही. पहिल्याच भेटीत ट्रिपल आणि कावीळ ब यांचे तिसरे डोस, एमएमआरचा दुसरा आणि कांजिण्यांचा पहिला हे सगळं देता येतं. बाराव्या-तेराव्या आठवड्यात कांजिण्यांचा दुसरा. ट्रिपलचा पुढचा डोस मात्र तिसऱ्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर. तो आधी देता येत नाही, मागूही नका. चौथ्या वाढदिवसानंतर दिलेला हा चौथा डोस असल्याने पाचव्याची गरज बऱ्याच वेळापत्रकांत पडत नाही. पोलिओचं काय राहिलंय तेही याच भेटीत ठरवून घ्या. नेमका आराखडा डॉक्टर ठरवतील. पण हे गणित आपण आधी मांडून नेलं की पाच मिनिटांच्या भेटीत काम होतं.

एका दिवशी चार सुया म्हटलं की आजीच्या पोटात गोळा येतो. माझ्या सासूबाई तर उठून बाहेर जाऊन बसल्या होत्या. पण एकत्र दिल्याने शरीरावर "भार" पडत नाही. वेगळ्या हातापायांवर किंवा एकाच जागी अडीच सेंटिमीटरचं अंतर ठेवून सुया देतात. चार वेगळ्या फेऱ्यांमध्ये मुलाचं चार वेळा रडणं, आणि एखादी फेरी हटकून चुकणं, हे मला जास्त त्रासाचं वाटतं.

डॉक्टरांना आधीच काय सांगायचं

आधीच्या डोसानंतर श्वास लागला होता का, चेहरा सुजला होता का. मुलाला कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का. दोन आठवडे किंवा जास्त काळ स्टेरॉइडचा मोठा डोस घेतला असेल तर जिवंत लसीसाठी तो थांबल्यानंतर किमान महिनाभर थांबावं लागतं. अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेली तयार प्रतिपिंडं) दिलं असेल तर गोवर आणि कांजिण्यांची लस काही महिने पुढे जाते. शाळेने क्षयाची त्वचाचाचणी मागितली असेल तर तेही सांगा: ती गोवराच्या लसीच्याच दिवशी करावी, नाहीतर चार आठवड्यांनी. मध्येच केली तर निकाल खोटा "नाही" येऊ शकतो.

आता जी कारणं कारणं नव्हेत: वाहतं नाक, थोडा खोकला, अंग किंचित कोमट, चालू असलेलं अँटिबायोटिक, वेळेआधी झालेला जन्म, घरात गरोदर बाई असणं. अंड्याची ॲलर्जी असली तरी एमएमआर देता येते. "जरा बरं वाटू दे, मग बघू" यातच निम्मे डोस राहतात.

ऑटिझमची भीती अजूनही कुठून ना कुठून येतेच, म्हणून एवढंच. तिचा उगम १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या बारा मुलांवरच्या निबंधात आहे. २०१० साली त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.

सुईचा दिवस

मुलाला "काही दुखत नाही" असं सांगू नका. एकदा खोटं ठरलात की पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. "टोचेल, एक ते पाच म्हणेपर्यंत दुखेल, मग संपेल" हे पुरतं. आणि "नीट वाग, नाहीतर सुई देतील" ही धमकी वर्षभर देणाऱ्यांनी त्या दिवशी मुलाकडून शौर्याची अपेक्षा ठेवू नये.

शाळेच्या वयाच्या मुलाला सुई बहुधा दंडात देतात, म्हणून सैल, आखूड बाहीचा शर्ट. लहान मुलाला मांडीवर बसवून मिठीत घ्या. आडवं पाडून चौघांनी दाबून धरलं की भीती वाढते. लांब फुंकर मारायला लावा, गोष्ट सांगा. बधिर करणारं मलम वापरायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण ते लागू पडायला तासभर लागू शकतो. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर बहुधा लगेच होते. दहा वर्षांपुढची मुलं केवळ धसक्याने चक्कर येऊन पडतात, त्यांना उभ्याने सुई देऊ देऊ नका.

निघण्याआधी कार्डावर तारीख, लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि सही झाली का ते तिथेच उभं राहून पाहा. नंतर फोनवर हे मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

त्यानंतरचे दिवस

दंड दुखणं, थोडी सूज, एक-दोन दिवस ताप हे अपेक्षित आहे. ओला थंड फडका, पाणी, आणि ताप किंवा दुखणं जास्त असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ते आधीपासूनच, ताप येईल म्हणून, देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना नाहीच.

गोवराच्या लसीचा ताप उशिरा येतो, सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास, कधी फिकट पुरळासह. आई-बाप तोवर सुई विसरलेले असतात आणि घाबरतात. लसीचं हे पुरळ दुसऱ्याला लागत नाही. पण म्हणूनच हा डोस शाळेच्या आदल्या आठवड्यात न देता महिनाभर आधी दिलेला बरा, नाहीतर नेमका पहिल्या आठवड्यात ताप. श्वास लागणं, चेहरा सुजणं, झटका, शुद्ध हरपणं किंवा तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं यांपैकी काही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

मोठ्या मुलांचं विसरू नका

पहिलीच्या प्रवेशाच्या गडबडीत पाचवी-सहावीतलं भावंड बाजूला पडतं. त्याला कुणी कागद मागत नाही, म्हणून. ९ ते १५ वर्षांतला धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर याच वयाचा. एचपीव्ही लसही याच वयाची: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची. ती ९ ते १४ वर्षांत दिली तर उत्तम. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या वयासाठी एका डोसाचं वेळापत्रकही मान्य केलं आहे. काही देशांत अजून दोन देतात. फ्लूची लस जिथे शिफारस असते तिथे दर वर्षी घ्यावी लागते, आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

शाळेला द्यायचे कागद

मूळ कार्ड शाळेत जमा करू नका, प्रत द्या. राहिलेला डोस अंतरामुळेच पुढे गेला असेल, जसा वरच्या उदाहरणातला सहा महिन्यांचा, तर डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: लसीकरण चालू आहे, पुढचा डोस अमुक तारखेला. अनेक शाळा एवढ्यावर प्रवेश देतात, पण लिहून घ्यायला गेल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही. ती तारीख फोनच्या दिनदर्शिकेत दोनदा घाला, एकदा आठवडाभर आधी आणि एकदा त्या दिवशी. मग कार्डाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही पाठवा. मागच्या बाजूचाही.